चार तारांचा ताण

बेस गिटारच्या तारांबद्दल आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे. तार जितकी जाड तितका आवाज भरीव, आणि बारीक तारा लावणारा वादक अजून शिकाऊ. कॉलेजच्या बँडमध्ये, रिहर्सल रूममध्ये, वाद्यांच्या दुकानात ती सगळीकडे भेटते. पहिला बेस घेणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीलाही ‘४५-१०५ लाव, तेच स्टँडर्ड’ असं सांगितलं जातं. तिच्या हाताचा आकार, तिची छेडण्याची पद्धत, तिला काय वाजवायचं आहे, यांतलं काही विचारलं जात नाही. महिन्याभरात तिचं मनगट दुखू लागलं, की दुखणं हा सरावाचाच भाग आहे असंही सांगितलं जातं. मला ही समजूत चुकीची वाटते आणि तिच्यामुळे होणारं नुकसान खरं वाटतं. पाकिटावर लिहिलेली असते ती जाडी. वादकाने निवडायचा असतो तो ताण. तो किती असावा हे ठरवण्याचा पहिला हक्क वाजवणाऱ्याच्या हाताचा आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी आकड्यांविषयी. बेसच्या तारांचं गेज इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. ४५ म्हणजे साधारण १.१४ मिलिमीटर, १०५ म्हणजे २.६७ मिलिमीटर. चार तारांच्या बेसवर सगळ्यात बारीक तार जीची, मग डी, मग ए, आणि सगळ्यात जाड ई. (सतार-तंबोऱ्याच्या तारांचे आपले नंबर याच्या उलट चालतात. नंबर वाढला की तार बारीक होते, आणि तीस नंबरची तार जेमतेम ०.३ मिलिमीटरची असते.) पण बोटाला ही जाडी फार थोडी जाणवते. तार फ्रेटवर दाबायला किती जोर लागतो, छेडल्यावर ती किती लांब झुलते, बोटाखालून सुटताना किती विरोध करते, हे सगळं ताणावर ठरतं.

ताणाचं गणित जुनं आहे, आणि ते पहिल्यांदा उलगडलं ते एका वादकाच्या हातून. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली ल्यूट वाजवत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी तारांना वजनं टांगून पाहिली आणि दाखवून दिलं, की स्वर एका सप्तकाने चढवायला ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. पुढे १६३६ मध्ये मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने तारेची लांबी, वजन आणि ताण यांचं स्वराशी असलेलं नातं नियमात बांधलं. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा: लांबी आणि स्वर तेच ठेवले, तर तारेचं वजन वाढेल त्या प्रमाणात ताण वाढतो, आणि वजन वाढतं ते जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून ४५ची तार काढून ४०ची लावली तर जाडी कमी होते अकरा टक्के, पण ताण उतरतो एकवीस टक्के. डोळ्याला न दिसणारा फरक बोटाला पहिल्याच मिनिटात कळतो, तो यामुळे.

लांबीचंही असंच आहे. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा तारेची कंप पावणारी लांबी, म्हणजे स्केल, ३४ इंच ठेवली. आज बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. पॉल मॅकार्टनीच्या हातात जगाने पाहिला तो ह्योफ्नर ३० इंचांचा. ३४ इंची बेसवरची तीच तार ३० इंची बेसवर त्याच सुरात लावली, तर ताण बावीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे ‘१०५ची ई चांगली’ हे विधान कोणत्या बेसवर, कोणत्या सुरात, हे सांगितल्याशिवाय अपुरंच आहे. मेटल वाजवणारे बँड ई उतरवून डीवर आणतात, तेव्हा त्या एका तारेचा ताण वीस टक्क्यांनी घटतो. मग तार फ्रेटवर खडखडते, वादक जोराने दाबतो, सूर वर सरकतो, आणि दोष बेसच्या दर्जाला दिला जातो. तिथे १०५च्या जागी ११८च्या आसपासची तार लावली तर ताण पूर्वीइतका होतो. याच एका ठिकाणी जाड तारेचा आग्रह मी मनापासून धरीन, कारण तिथे जाडी वाढवल्याने हाताला मिळणारा ताण बदलत नाही, उलट टिकतो.

आता तयार संच पाहू. ४५, ६५, ८०, १०० हा फार खपणारा संच आहे. ३४ इंची बेसवर नेहमीच्या सुरात त्याचा ताण मोजला, तर जीवर सुमारे १९ किलो, डीवर २३, एवर १९ आणि ईवर अवघे १६ किलो येतो. ज्या तारेवर बेसवादकाचा सगळा पाया उभा, ती ई सगळ्यात सैल, आणि मधलीच डी सगळ्यात ताठ. ज्याला आपण स्टँडर्ड म्हणतो ते असं आहे. ही वाटणी कुठल्या विचारपूर्वक केलेल्या हिशेबातून आली असेल असं मला वाटत नाही. गोल आकडे, गिरण्यांत मिळणारी तार आणि ग्राहकाची सवय यांतून ती रूढ झाली असावी. शेजारच्या दोन तारांत चौथ्याचं, म्हणजे सा-मचं अंतर असल्याने चारही तारांचा ताण सारखा ठेवायचा, तर प्रत्येक तार आधीच्या तारेच्या १.३३५ पट जाड हवी. ४५पासून गुणत गेलं की ६०, ८० आणि १०७ येतात. डॅडारिओ कंपनी ‘बॅलन्स्ड टेन्शन’ नावाने नेमका हाच संच विकते: ४५, ६०, ८०, १०७. त्यातल्या प्रत्येक तारेवर १९ किलोंच्या आसपास ताण असतो.

सारखा ताण सगळ्यांना आवडेलच असं नाही. काहींना ई थोडी सैल हवी असते, कारण तिच्या खरखरीतून आवाजाला दाणेदारपणा येतो. काहींना जी ताठ हवी असते, नाहीतर वरच्या स्वरांवर ती बोटाखाली लिबलिबीत होते. हा आवडीचा प्रश्न आहे आणि आवडीला मान द्यायलाच हवा. पण विषम वाटणी जाणूनबुजून निवडणं वेगळं, आणि ती वाटणी आहे हेच ठाऊक नसताना वर्षानुवर्षं वाजवत राहणं वेगळं. डी तार नेहमी पुढे येते आणि ई मागे पडते अशी तक्रार घेऊन अँप्लिफायरची बटणं फिरवत बसलेले वादक मी पाहिले आहेत. तिथे उपाय तारांच्या पाकिटात असतो.

पाकिटावरची नावंही वाट चुकवतात. अर्नी बॉलचा ‘रेग्युलर’ संच ५०-१०५चा आहे, डॅडारिओचा ‘रेग्युलर लाइट’ ४५-१००चा, रोटोसाउंडचा ‘स्टँडर्ड’ ४५-१०५चा. नेहमीची जाडी म्हणजे काय, याबद्दल तीन कारखान्यांतही एकमत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की एकाच जाडीच्या दोन तारांचा ताण वेगळा असू शकतो. आतली गाभ्याची तार गोल आहे की षट्कोनी, तिच्यावर गुंडाळलेली तार गोल आहे की चपटी, ती निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहे की नायलॉनच्या पट्टीची, यावर वजन आणि ताठरपणा दोन्ही बदलतात. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्डचा चपट्या तारांचा प्रसिद्ध संच ४३, ५६, ७०, १००चा आहे आणि हाताला तो विलक्षण मऊ लागतो. चपट्या तारा म्हणजे ताठच असणार, असं मानणाऱ्याने त्या एकदा तरी वाजवून पाहाव्यात. नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या तारा तर दिसायला दोरखंडासारख्या जाड असूनही अंगाने हलक्या असतात. तेव्हा आकडा पाहून ताणाचा अंदाज बांधायचा तो एकाच कंपनीच्या एकाच जातीच्या तारांमध्ये. त्यापलीकडे कंपनीने दिलेला ताणाचा तक्ता पाहावा. बहुतेक मोठे कारखाने तो छापतात.

आता मूळ समजुतीकडे वळतो. तिच्या बाजूने बोलणारे नेहमी एक नाव पुढे करतात, आणि ते नाव आदरानेच घ्यायला हवं: जेम्स जेमर्सन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत बसून साठच्या दशकात या माणसाने लोकप्रिय संगीतातल्या बेसचं स्थानच बदलून टाकलं. फोर टॉप्सचं ‘बर्नाडेट’ (१९६७) किंवा मार्विन गेचं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) ऐकताना गाण्याखाली आणखी एक गाणं चालू असल्याचं जाणवतं. त्याचा १९६२चा प्रिसिजन बेस, त्यावरच्या लाबेलाच्या ५२-११०च्या जाडजूड चपट्या तारा, फ्रेटबोर्डापासून त्या तारांची उंची, आणि तुटेपर्यंत तार न बदलण्याची त्याची सवय, हे सगळं आता दंतकथेसारखं सांगितलं जातं. ते खरंही आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष तपासून घ्यायला हवा.

जेमर्सन वाजवायला शिकला तो उभ्या डबल बेसवर. त्या वाद्याच्या तारा ४१-४२ इंच लांब, ताण बेस गिटारहून बराच जास्त, आणि दाबण्यासाठी सगळा पंजा कामाला लावावा लागतो. तो हात घेऊन माणूस बेस गिटारकडे आला, तेव्हा ५२-११०च्या तारा त्याला ओळखीच्या वाटल्या असणार. उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने तो छेडायचा. त्या बोटाला लोक ‘हुक’ म्हणत. जोरात आणि खोल छेडणाऱ्या त्या बोटाखाली हलकी तार फ्रेटवर आदळली असती. शिवाय ब्रिजच्या झाकणाखाली फोम, त्यामुळे स्वर लवकर विझायचा आणि प्रत्येक स्वर सुटा, ठसठशीत ऐकू यायचा. जेमर्सनच्या हातात ती जाडी योग्य होती यात शंकाच नाही. पण ती योग्य ठरली ती त्या हातामुळे, त्या बोटामुळे, त्या फोममुळे. यांतलं काहीच नसलेल्या मुलाने फक्त ११०ची ई उचलली, तर जेमर्सनच्या आवाजातलं त्याला काही मिळत नाही. श्रम मात्र सगळे मिळतात.

आणि जाडीतूनच वजनदार आवाज येतो असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांनी टोनी आयोमीकडे पाहावं. तो बेसवादक नाही, ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक. पण या वादात त्याच्याइतका नेमका साक्षीदार दुसरा नाही. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५ मध्ये अपघात होऊन त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा असल्याने तार दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि अगदी बारीक तारा शोधल्या. गिटारसाठी तशा तारा सहज मिळत नव्हत्या, तेव्हा बँजोच्या तारा लावल्या. पुढे ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमच्या (१९७१) सुमारास काही गाण्यांसाठी वाद्याचा सूर तीन अर्धस्वरांनी उतरवला. त्याच बँडच्या गीझर बटलरचा बेसही त्याच्याबरोबर खाली आला. ब्लॅक सॅबथचा तो जडशीळ आवाज, ज्यातून हेवी मेटलची सगळी परंपरा निघाली, तो बारीक आणि सैल तारांतून जन्माला आला. जखमी बोटांना झेपेल तेवढाच ताण ठेवायचा असा निर्णय एका माणसाने घेतला, आणि त्या निर्णयातून एक नवं संगीत उभं राहिलं. हाताची मर्यादा मान्य केल्याने संगीत उणं होतं, असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

जाड तारेच्या बाजूने खरं तेवढं मान्य करायला हवं. त्याच सुरात लावलेली जाड तार जास्त ताणलेली असते, म्हणून त्याच जोराने छेडली तर कमी झुलते. त्यामुळे जोरकस हाताच्या वादकाला तारा फ्रेटबोर्डाच्या जवळ ठेवता येतात आणि तरी खडखड होत नाही. पिकअपच्या चुंबकासमोर जास्त धातू हलत असल्याने आवाजही थोडा मोठा येतो. पिकने, खाली-वर, एका तालात दणकून वाजवणाऱ्याला ताठ तार साथ देते. हे फायदे खरे आहेत. पण ते सगळे उजव्या हाताच्या जोराशी बांधलेले आहेत. म्हणून माझ्याकडे कोणी गेज विचारायला आलं, की मी आधी त्याचा उजवा हात पाहतो. हलक्या हाताच्या माणसाला जाड तार जागीच करता येत नाही. ती त्याच्यासाठी मंद आणि मुकी राहते.

जेमर्सनच्या जाड तारांचं दुसरं टोक म्हणजे लेव्हल ४२ या बँडचा बेसवादक मार्क किंग. अंगठ्याने तारा ठोकायच्या, बोटाने उचकायच्या, आणि हे सगळं पळत्या वेगात. त्याच्या तारा ३०, ५०, ७०, ९०. जेमर्सनची जी ५२ची आणि याची ३०ची. ताणात तिप्पट अंतर. दोघांचाही बेस ऐकल्यावर कोणी म्हणणार नाही की यातला एक खरा आणि दुसरा कच्चा.

ऐकण्याच्या बाजूनेही जाडीचा दावा वाटतो तितका भक्कम नाही. बेसच्या मोकळ्या ईची कंपनसंख्या ४१.२ हर्ट्झ. मोबाइलच्या स्पीकरमधून ती मुळीच बाहेर पडत नाही, लहान अँप्लिफायरमधून जेमतेम. तरी आपल्याला ई ऐकू येतो, कारण ८२, १२३, १६५ हर्ट्झचे उपस्वर कानात पोचतात आणि मेंदू त्यांवरून खालचा स्वर जुळवतो. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकलेल्या माणसाला उपस्वरांचं मोल वेगळं सांगायला नको. तार जसजशी जाड आणि ताठर होते, तसतसे हे उपस्वर आपल्या शुद्ध जागेवरून थोडे वर सरकतात आणि लवकर विझतात. म्हणूनच सतराव्या शतकाच्या मध्यात युरोपात गुंडाळलेल्या तारा आल्या: गाभा बारीक ठेवायचा म्हणजे तार लवचीक राहते, आणि वजन वरच्या वेटोळ्यांनी वाढवायचं. बेसची प्रत्येक तार आजही याच युक्तीवर उभी आहे. युक्तीलाही मर्यादा असतेच. त्या मर्यादेच्या पलीकडे जाडी वाढवत गेलं तर स्वर खोल होण्याऐवजी बोथट होतो, आणि ड्रम-गिटारच्या गर्दीत तो आधी हरवतो.

पाच तारांच्या बेसवर ही मर्यादा उघडीच पडते. खालची बी ३०.९ हर्ट्झची. सारख्या ताणाचा हिशेब पुढे नेला तर ती १४३ची हवी, पण तेवढी जाड तार ताठरपणाने बेसूर वाटू लागते, म्हणून बाजारात बहुधा १२५ ते १३५च्याच बी मिळतात. १३०ची बी ३४ इंची बेसवर साडेपंधरा किलोंच्या आसपास ताण देते. ती सैलच वाटणार, त्यात वादकाचा दोष नाही. इथे जाडीचा उपाय संपतो आणि लांबीचा सुरू होतो. ३५ इंची स्केलवर ताण सहा टक्के वाढतो. कॅनडातली डिंगवॉल कंपनी तर फ्रेट पंख्यासारखे तिरपे बसवून बीला ३७ इंच आणि जीला ३४ इंच देते, म्हणजे त्याच बीचा ताण अठरा टक्क्यांनी वाढतो आणि जाडी वाढवावी लागत नाही. पाच तारांचा बेस घ्यायचा विचार करणाऱ्यांनी रंग आणि लाकूड पाहण्याआधी स्केल विचारावं.

गेज बदललं की बेसही नव्याने लावून घ्यावा लागतो. ही गोष्ट फार वेळा टाळली जाते आणि मग नव्या तारांना नावं ठेवली जातात. चार तारा मिळून नेकवर पाऊणशे किलोंहून जास्त ओढ असते. ४५-१००वरून ४०-९५वर आलं तर ती दहा किलोंनी घटते. नेकच्या आतली लोखंडी सळई, ट्रस रॉड, जुन्या ओढीला तोलून धरायला बसवलेली असते. ओढ कमी झाली की नेक मागे झुकतो आणि पहिल्या काही फ्रेटांवर तारा खरखरतात. लोक म्हणतात, बघ, बारीक तार खडखडते. दोष तारेचा नसतो, नेक नव्याने जुळवलेला नसतो. जाड तार लावताना नटची खाच पुरेशी रुंद हवी, नाहीतर तार वरच अडकते आणि पहिल्या फ्रेटांवरचे स्वर चढे लागतात. ब्रिजवरची सॅडलंही पुढेमागे करून बाराव्या फ्रेटचा स्वर मोकळ्या स्वराशी जुळवावा लागतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं आणि नेक आपसूक सरकतो, म्हणून मुंबई-गोव्याकडच्या वादकाने जूनमध्ये तारांचा निवाडा करूच नये. आधी सेटअप, मग मत.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने लिहितो आहे ते हातांसाठी. बेस हे वाद्य बाहेरून सोपं दिसतं. पण तार फ्रेटवर दाबून धरण्याचा जोर, वरून नेकच्या टोकाकडे ताणलेलं मनगट, आणि तासन्‌तास तीच हालचाल, यांनी स्नायुबंधांना सूज येते, मनगटातली नस दाबली जाते. अशा दुखण्यांनी वाद्य कायमचं सोडलेली माणसं आहेत. मी शिकवतो तिथे येणाऱ्या कितीतरी मुलामुलींना कोणी तरी आधीच सांगितलेलं असतं, की बोटं पक्की व्हायची तर जाड तारांवरच शीक, मग बारीक तारा लोण्यासारख्या वाटतील. हा सल्ला मला संतापजनक वाटतो. शिकणाऱ्याला पहिल्या वर्षात कमवायची असते ती हलकी पकड, फ्रेटच्या अगदी मागे बोट ठेवण्याची सवय, आणि लागेल तेवढाच जोर लावण्याचं भान. हाताला न झेपणाऱ्या तारांवर यांतलं काहीच येत नाही. तिथे येते ती आवळून धरण्याची सवय, आणि ती पुढे सोडवायला वर्षं जातात. बोटांच्या टोकांना घट्टे पडणं ठीक आहे, ते कोणत्याही तारेने पडतात. मनगट किंवा कोपर दुखू लागलं, की त्याच दिवशी तारा आणि फ्रेटबोर्डापासूनची त्यांची उंची, म्हणजे ॲक्शन, तपासायला हवी. लहान चणीच्या वादकाला ४०-९५चा संच किंवा ३० इंची बेस हातात देणं म्हणजे सूट देणं नाही. तिथून सुरुवात करणं हाच त्याच्यासाठी योग्य मार्ग आहे.

आपल्याकडे ही दृष्टी पूर्वीपासून होती, हे पाहून मला बेसवाल्यांच्या हट्टाचं जास्तच नवल वाटतं. मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा करायला गेलं, की पहिला प्रश्न असतो: गाणाऱ्याची पट्टी कोणती? काळी एकच्या बुवांना आणि काळी चारच्या गायिकेला एकच तंबोरा, त्याच तारा, असं तिथे कोणी सुचवणारही नाही. स्वर, वाद्याची लांबी आणि तारेचा नंबर ही तिन्ही एकत्र ठरतात. खर्जाची तार जास्त जाड झाली तर जवारी खुलत नाही, जास्त बारीक झाली तर स्वर हलतो, हे तिथल्या कारागिराच्या कानाला पाठ आहे. तार नंबरावर सुटी मिळते, हवी तेवढी तोडून घेता येते, म्हणून एकच तार बदलून पाहणं सहज शक्य होतं.

बेसवाल्याला मात्र दुकानात चार तारांचं बंद पाकीट घ्यावं लागतं, तेही गिटारच्या संचाच्या कितीतरी पट किमतीला. त्यामुळे प्रयोग करायला हात धजत नाही. सुट्या तारा न मिळण्याने काय होतं याची सगळ्यात मासलेवाईक हकिकत जॉन एन्टविसलने स्वतः सांगितली आहे. द हूच्या ‘माय जनरेशन’मधल्या (१९६५) बेसच्या सुप्रसिद्ध तुकड्यासाठी त्याला डॅनइलेक्ट्रो बेसच्या बारीक तारांचा आवाज हवा होता. त्या तुटत, आणि इंग्लंडात त्या सुट्या मिळत नव्हत्या, म्हणून तार तुटली की तो नवा बेस विकत घेई. पुढच्याच वर्षी तो रोटोसाउंडच्या कारखान्यात गेला आणि आपल्या बेसवर चारही तारा सारख्या वाजतील असा संच त्यांच्याकडून करून घेतला. आज जगभर वाजणाऱ्या गोल गुंडाळीच्या तारांचा प्रसार तिथून झाला. म्हणजे आपण ज्याला स्टँडर्ड म्हणून निमूट स्वीकारतो, त्याचा उगमच मुळी एका वादकाने ‘मला हे चालत नाही’ म्हणण्यात आहे.

तेवढं आपणही करू शकतो. सुरुवातीला ४५-१०५ ऐवजी सारख्या ताणाचा किंवा हलका संच घ्यावा, बेस नीट लावून घ्यावा, आणि दोन-तीन आठवडे त्यावरच वाजवावं. पहिल्या दिवशीचं मत धरू नये, कारण नव्या तारांची चकाकी कान फसवते. मग जी एक तार खटकते तेवढीच बदलावी. ई सैल वाटते तर १००च्या जागी १०५, बाकीच्या तीन तशाच. डी टोचते तर ६५च्या जागी ६०. आपल्या चार आकड्यांची नोंद ठेवावी, बेस बदलला किंवा सूर उतरवला तर ती नव्याने करावी. मोठे कारखाने सुट्या तारा विकतात आणि त्या मागवता येतात; आपल्या शहरांतल्या दुकानांनी निदान ई, बी आणि डी या तीन तारा दोन-दोन जाड्यांत ठेवाव्यात, असा आग्रह वादकांनी आणि शिक्षकांनी मिळून धरायला हवा. मागणी नाही, हे दुकानदाराचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. एक तार बदलता येते हेच ज्याला कोणी सांगितलेलं नाही, तो ती मागणार कशी?